पाती बदलणारा शिकारी चाकू

अकोट सोडून हिवरखेडच्या वाटेला लागलं की उत्तरेला सातपुडा सोबत चालू लागतो. तेल्हारा तालुक्यातलं हे मोठं गाव सपाट काळ्या रानाच्या काठावर वसलंय. पलीकडे वान नदी, वारीचा हनुमान, वान अभयारण्य. अलीकडे नरनाळ्याचा डोंगर. आणि त्यांच्या मागे मेळघाट. मीटरगेजची गाडी होती तेव्हा ती अकोट, हिवरखेड, वान रोड करत धूळघाटाच्या जंगलात शिरायची. बंदूक खांद्याला लावून डोंगर चढणाऱ्यांसाठी हा सगळा पट्टा म्हणजे जंगलाचा उंबरठा होता.

राखीव जंगलाचे तेव्हा शूटिंग ब्लॉक पाडलेले असत. परवाना काढायचा, ठरावीक मुदतीसाठी ब्लॉक घ्यायचा, बैलगाडीत सामान भरायचं. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. शिकार संपली, ते योग्यच झालं. सामान मात्र घराघरांत राहिलं. बंदुकीला परवाना होता, तिची सरकारदरबारी नोंद होती. ती जमा झाली, विकली गेली किंवा वारसाच्या नावे चढली. चाकूची कुठेच नोंद नव्हती. तो ट्रंकेत, माळ्यावर, जुन्या कोटाच्या खिशात पडून राहिला. म्हणून आज या भागातल्या एखाद्या जुन्या घराची आवराआवर निघाली की बंदुकीपेक्षा चाकू सापडण्याची शक्यता जास्त.

अशाच एका घरातला चाकू मला निवांत बघायला मिळाला. घडीचा चाकू, मूठ शिंगाची, दोन्ही टोकांना पांढऱ्या धातूच्या टोप्या. सोबत चामड्याचं पाकीट, त्यात कप्पे, आणि कप्प्यांत सुटी पाती: एक हाडं कापायची करवत, एक पोट उकलायचा आकडा, एक बारीक टोकदार पातं. मुठीत बसलेलं चौथं पातं रुंद पोटाचं, कातडं सोलायचं. त्याची जागा सोडूनही पाकिटात एक कप्पा रिकामा होता.

पाती बदलायची सोय कशासाठी, हे शिकाऱ्याच्या कामावरून कळतं. सांबरासारखं मोठं जनावर सोलताना केस, माती आणि वाळलेला चिखल यांनी धार झपाट्याने बसते. मोठा चाकू पोट उकलताना आतड्यात घुसतो आणि मांस खराब करतो, म्हणून आतल्या बाजूने धार असलेला आकडा लागतो. छातीचं हाड कापायला करवत हवी. हे सगळं एकाच मुठीत घडी घालून बसवलं तर मूठ जाड होते, पाती पातळ करावी लागतात, आणि प्रत्येक पात्याच्या सांध्यात रक्त-चरबी जाऊन बसते ती धुता येत नाही. यावर तोड अशी निघाली की मूठ एक, खटका एक, पाती सुटी. लागेल ते पातं अडकवा, काम झालं की काढून धुवा.

ही कल्पना शिकारी चाकूच्या आधी कारागिरांच्या खिशात आली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या युलरी कंपनीने नॅपनॉक नावाने असा संच विकला: खिशातला चाकू, आणि त्यालाच जोडायची कानस, करवत, पटाशी, पेचकस. जर्मनीत झोलिंगेनच्या ब्योंटगेन आणि साबिन या कारखान्याचे ‘बोन्सा’ छापाचे चामड्याच्या पाकिटातले संच खूप चालले. पुढे अमेरिकेत केस कंपनीने एक्सएक्स-चेंजर काढला, गर्बर आणि कर्शॉ यांनीही आपापले बदलत्या पात्यांचे चाकू आणले. आता शिकाऱ्यांसाठी शस्त्रक्रियेच्या पात्यांसारखी वापरून फेकायची पाती निघाली आहेत. धार लावण्याची गरजच उरलेली नाही. ते सोयीचं असेल, पण त्यात जपण्यासारखं काही नाही.

असा चाकू हाती आला की बहुतेक जण आधी धार बघतात. अंगठा फिरवतात, कागद कापून पाहतात. माझं म्हणणं असं की धार सगळ्यात शेवटी बघावी. धार कुणीही लावून देईल. आधी बघायचा तो सांधा. आपल्याकडे अडकित्ता घेताना जुनी माणसं पाती उघडमीट करून खिळा ढिला आहे का ते बघायची, सुपारी नंतर फोडायची. इथे नेमकं तसंच आहे. साध्या घडीच्या चाकूत पात्याच्या बुडाला गोल भोक असतं आणि त्यातून आरपार ठोकलेला खिळा पातं आयुष्यभर धरून ठेवतो. पाती बदलणाऱ्या चाकूत हा कायमचा खिळा नसतो. समोरच्या चाकूत पात्याच्या बुडाला आकड्यासारखी उघडी खाच होती. ती मुठीतल्या आडव्या खिळीवर सरकून बसते, आणि मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी पात्याच्या मागच्या खाचेत पडून त्याला अडवते. पट्टी दाबली की पातं सुटतं. म्हणजे सगळा भार एका उघड्या खाचेवर आणि एका स्प्रिंगवर. खाच झिजली की पातं डुलतं, पट्टी थकली की कामाच्या भरात पातं बोटांवर मिटतं.

म्हणून पातं पूर्ण उघडायचं, मूठ घट्ट धरायची आणि पात्याला बाजूने हलवून बघायचं. मग वर-खाली. बाजूची हालचाल केसभर असली तर जुन्या चाकूत चालवून घ्यावी. वर-खाली हलत असेल तर खटका नीट बसत नाही, आणि असा चाकू वापरायचा नाही, फक्त ठेवायचा. पट्टी खाचेत पडताना स्वच्छ ‘खट्’ असा आवाज यायला हवा. दबका आवाज आला तर आत घाण आहे किंवा स्प्रिंग मेली आहे. ही परीक्षा संचातल्या प्रत्येक पात्याची वेगळी घ्यावी लागते. समोरच्या चाकूत सोलायचं पातं डुलत होतं आणि करवत मात्र घट्ट बसत होती. याचा अर्थ मुठीतली खिळी शाबूत आहे, झीज पात्याच्या खाचेत आहे. दोन्ही डुलली असती तर दोष मुठीत निघाला असता, आणि तो दुरुस्त करणं फार अवघड.

संच असण्याचा हा मोठा फायदा. एकपाती जुना चाकू आपलं मूळ रूप सांगत नाही. पातं किती झिजलं ते अंदाजाने ठरवावं लागतं. इथे शेजारीच साक्षीदार बसलेला असतो. करवत सहसा सगळ्यात कमी वापरलेली असते. तिच्या अंगावरचं कारखान्याचं घासकाम, कडांची टोकं, शिक्क्याची खोली हे सगळं पहिल्या दिवसासारखं सापडतं. तिच्या शेजारी सोलायचं पातं धरलं की ते किती अरुंद झालंय, शिक्का किती घासला गेलाय, पॉलिश पेपरने कुणी उगाच चमकवलंय का, हे एका नजरेत कळतं. आणि एखादं पातं दुसऱ्याच चाकूचं आणून बसवलं असेल तर तेही उघडं पडतं: शिक्का वेगळा, पोलादाचा रंग वेगळा, बुडाची जाडी वेगळी.

शिक्का वाचणं हे स्वतंत्र काम आहे, त्यासाठी भिंग आणि तिरपा उजेड लागतो. समोरच्या करवतीच्या बुडाशी ‘जर्मनी’ एवढं नीट वाचता आलं, वर ‘झोलिंगेन’ची अर्धी अक्षरं. देशाचं नाव पात्यावर येण्यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन कारखाने इंग्लंडमधल्या शेफील्डच्या नावाची नक्कल करून स्वस्त चाकू विकतात अशी शेफील्डवाल्यांची ओरड होती. त्या ओरडीचाही हात होता म्हणून ब्रिटनने १८८७ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा केला, आणि त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८८९ चा कायदा आला. तेव्हापासून परदेशी मालावर देशाचं नाव ठळकपणे दिसू लागलं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये जर्मनीचे दोन देश झाले, तेव्हा ‘वेस्ट जर्मनी’ असे शिक्के सुरू झाले आणि १९९० च्या एकीकरणाबरोबर थांबले. ‘झोलिंगेन’ हे नावही १९३८ पासून जर्मनीत कायद्याने राखलेलं आहे. त्या भागात न बनलेल्या पात्यावर ते घालता येत नाही. नुसत्या ‘जर्मनी’ शिक्क्याचा, शिंगाच्या मुठीचा, इतका जुना चाकू शिकारीच्या काळाशी जुळतो.

इतर कारखान्यांच्या आपापल्या खुणा असतात. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा चांदणी आणि माल्टीज क्रूस असा जोडशिक्का जगभर ओळखीचा होता. राजमुकुटाच्या दोन बाजूंना कुठल्या राजा-राणीची अक्षरं आहेत यावरूनही काळ सांगता येतो. व्हिक्टोरिया राणीची अक्षरं असतील तर चाकू १९०१ च्या आधीचा. अमेरिकेच्या केस कंपनीने तर १९७० पासून शिक्क्याखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दर वर्षी एकेक ठिपका कमी केला. ठिपके मोजले की साल निघतं. अशी खूण असलेल्या पात्यावरून पॉलिशचं चाक फिरवणं म्हणजे दस्तऐवजावरची तारीख पुसणं.

दुरुस्तीत सर्वाधिक नुकसान होतं ते याच चाकाने. बाजारात चाकू-कात्रीला धार लावणाऱ्याच्या चाकावर ठिणग्या उडताना छान वाटतं, पण पातळ धार त्या घर्षणाने काही क्षणांत तापते. चाकूचं पोलाद लालबुंद करून तेलात किंवा पाण्यात विझवलेलं असतं आणि मग साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. आपले लोहार याला ‘पाणी देणं’ म्हणतात. घासताना धारेवर आधी पिवळसर, मग तपकिरी आणि शेवटी निळी झाक येते. निळी झाक साधारण ३०० अंशांची. ती दिसली की त्या जागचं पोलाद मऊ पडलं. वऱ्हाडात म्हणतात तसं त्याचं ‘पानी उतरलं’. असं पातं कितीही पाजवा, धार टिकत नाही. जुना चाकू पारखताना धारेजवळ अशी निळी-तपकिरी झाक दिसली तर समजावं की आधीच्या मालकाने तो चाकावर धरला होता.

मग करायचं काय? कमीत कमी. आधी फोटो काढायचे, पाती मोजायची, कुठलं पातं कुठल्या कप्प्यात होतं ते लिहून ठेवायचं. नंतर पाती काढायची. समोरच्या चाकूची पट्टी गंजाने धरून बसली होती. अशा वेळी पक्कड आणि हातोडी दूर ठेवावी. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सांध्यात सोडून रात्रभर ठेवावं, सकाळी लाकडाच्या तुकड्याने पट्टी दाबून बघावी, नाही सुटली तर पुन्हा तेल. पाच-सात दिवस गेले तरी चालतील. इतकी वर्षं थांबलेला चाकू आणखी आठवडाभर थांबतो. सुटल्यावर पाती सुटी मिळतात, आणि इथे या रचनेचं आणखी एक सुख लागतं: पाती रॉकेलमध्ये बुडवता येतात आणि मूठ कोरडी राहते. साध्या चाकूत पात्यावरचं रॉकेल शिंगात मुरतं आणि शिंगाचा जीव शोषून घेतं.

गंज दोन प्रकारचा. तांबडा, बोटाला लागणारा गंज जिवंत असतो, तो पोलाद खात राहतो. तो काढलाच पाहिजे. काळपट-निळसर थर हा जुन्या पोलादाचा रंग आहे. तो पोलादाला राखतो आणि वय सांगतो. त्याला हात लावू नये. तांबड्या गंजासाठी पातं रॉकेलमध्ये बुडवून ठेवावं आणि मग जुन्या तांब्याच्या पैशाच्या कडेने खरवडावं. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्याने गंज निघतो आणि पात्यावर ओरखडा उठत नाही. मुठीच्या आतल्या पितळी पट्ट्यांवरची हिरवी घाण बांबूच्या कामटीने निघते. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांची आंघोळ घालणारे पुष्कळ भेटतात. पातं लख्ख दिसतं खरं, पण आम्ल काळा थरही खातं, शिक्क्याच्या कडा बसवतं आणि फटीत राहिलं तर आतून गंज चालू ठेवतं. पाण्याने धुण्याचंही जपून. खाली पूर्णा नदीकडे खाऱ्या पाण्याचा खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरीच्या पाण्याने धुतलेलं पातं दुसऱ्या दिवशी तांबडं झालेलं दिसतं.

टोप्यांचा पांढरा धातू म्हणजे जर्मन सिल्व्हर. नावात चांदी असली तरी आत तांबं, निकेल आणि जस्त. ते मऊ कापडाने पुसलं की पुरे. मूठ मात्र जपून बघावी लागते, कारण ती कशाची आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. सेल्युलॉइडची नकली मूठ असेल तर नाक जवळ नेल्यावर कापराचा वास येतो, कारण त्यात कापूर मिसळलेला असतो. हे सेल्युलॉइड जुनं झालं की आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारचं पोलाद गंजवतं. असा चाकू बाकीच्यांपासून लांब ठेवावा. बैल-म्हशीचं शिंग नखासारख्या द्रव्याचं असतं, त्याला कीड लागते. सांबराचं शिंग हे हाड आहे. दरवर्षी गळून पडतं आणि नवं येतं. त्याच्या अंगावर खडबडीत उभ्या रेघा असतात आणि कापलेल्या टोकाशी सच्छिद्र गाभा दिसतो. समोरची मूठ सांबराच्या शिंगाची होती. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या कोरड्या हवेने ती एका बाजूला उभी चिरली होती, पण खिळे पितळेचे, मूळचे, जागेवर. अशी चीर लांबी भरून झाकू नये. थोडं मेण चोळावं आणि उन्हापासून दूर ठेवावं.

या शिंगाचा प्रवास मला या चाकूतली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते. शेफील्ड आणि झोलिंगेनच्या चाकूंच्या मुठींना हिंदुस्थानातल्या सांबराचं शिंग पिढ्यान् पिढ्या लागत आलं. त्याचा कठीणपणा आणि भरीवपणा युरोपातल्या हरणांच्या शिंगात नव्हता. इथल्या जंगलांतून गोळा केलेली शिंगं बोटीने तिकडे जात, तिकडे त्यांच्या मुठी होत आणि त्यांतले काही चाकू विकत घेऊन माणसं पुन्हा याच जंगलात सांबर मारायला येत. गळून पडलेल्या शिंगांच्या नावाखाली मारलेल्या जनावरांचीही शिंगं खपवली जात, म्हणून विसाव्या शतकाच्या शेवटी भारताने हा व्यापार बंद केला.

आणि म्हणूनच मोल करण्याआधी कायद्याचा प्रश्न सोडवावा. वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्यप्राण्याच्या कुठल्याही अवयवापासून बनलेली वस्तू येते. शिंगाची मूठही त्यात आली. घरात वारशाने आलेली वस्तू असणं आणि ती विकणं यांत कायदा मोठा फरक करतो. जुना चाकू आहे, चार पैसे येतील, असं म्हणून जाहिरात टाकणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावं. दुसरा कायदा शस्त्रांचा. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून, शस्त्र नियमांच्या यादीत मोडतात. बहुतेक घडीचे शिकारी चाकू यापेक्षा लहान असतात. तरीही खिशात घालून बाजारात हिंडणं वेगळं: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीच्या काळात निघणाऱ्या आदेशांत चाकू बाळगण्यावरही बंदी असते.

समोरच्या चाकूबद्दल माझं मत असं झालं. एक पातं हरवल्याने संच अपुरा आहे, सोलायचं पातं झिजलंय आणि खाचेत डुलतं, म्हणून तो वापरायचा चाकू राहिलेला नाही. पण करवत आणि आकडा जवळपास कोरे आहेत, शिक्का वाचता येतो, मूठ आणि खिळे मूळचे आहेत, आणि कुणीही तो चाकावर धरलेला नाही. या शेवटच्या गोष्टीला मी सर्वाधिक किंमत देतो. तांबडा गंज काढला, सांध्यात तेलाचा थेंब टाकला, शिंगाला मेण लावलं. धार लावली नाही. हरवलेल्या पात्याच्या जागी दुसरं घडवून बसवावं असं घरच्यांच्या मनात होतं; गावातला चांगला लोहार ते करूही शकला असता. मी नको म्हटलं. नवं पातं बसवलं असतं तर पुढच्या माणसाला खरं कुठलं आणि नंतरचं कुठलं हे कळलं नसतं. रिकामा कप्पा खरं बोलतो.

तुमच्या घरात असा चाकू असेल तर दोन गोष्टी आजच करा. पाती चामड्याच्या पाकिटातून काढून ठेवा. कमावलेल्या चामड्यातलं आम्ल आणि दमट हवा मिळून पोलाद आणि पितळ दोन्ही खातात. तेलाचा हलका हात देऊन सुती कापडात गुंडाळा, पाकीट शेजारी वेगळं ठेवा. आणि मूठ शिंगाची असेल तर विकण्याचा किंवा कुणाला देण्याचा विचार करण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. हिवरखेडकरांना त्यासाठी लांब जावं लागत नाही, अकोटला वन्यजीव विभागाचं कार्यालय आहे.